क्लेमॅटिस आणि मोरवेल: पुण्याच्या हवेत छाटणी कधी आणि किती?

ओसरी · १२ मार्च, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. बागकामाचे धागे मी बरीच वर्षं वाचते आहे, लिहायची मात्र ही पहिलीच वेळ.

सहकारनगरला आमचं जुनं बैठं घर आहे. पूर्वेच्या कुंपणभिंतीशी तीन वर्षांपूर्वी मी क्लेमॅटिस लावली. सासूबाई तरुणपणी मनालीला गेल्या होत्या. तिथे एका घराची पडवी पांढऱ्या फुलांच्या वेलीने झाकून गेलेली त्यांनी पाहिली, आणि अजूनही त्या तिची आठवण काढतात. मला उरुळी कांचनकडे सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत 'क्लेमॅटिस' म्हणून रोप दिसलं. फूल पांढरं नव्हतं, जातीची चिठ्ठीही नव्हती, तरी घेऊन आले.

पहिल्या वर्षी नुसती पानं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत अकरा फुलं आली. तळहाताएवढी, फिकट जांभळट-गुलाबी, प्रत्येक पाकळीच्या मधोमध गडद पट्टा. सासूबाई रोज सकाळी चहा घेऊन तिथे खुर्ची टाकून बसायच्या.

या वर्षी आणखी फुलं यावीत म्हणून मी एका इंग्रजी व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे १५ फेब्रुवारीला वेल जमिनीपासून फूटभर ठेवून सगळी कापली. फेब्रुवारीअखेरीपर्यंत न घाबरता कापा, असं त्यात अगदी ठामपणे सांगितलं होतं. आज जवळजवळ चार आठवडे झाले. फूल एकही नाही. दोन बुंध्यांपैकी एकाला चार बोटं फूट आली आहे, दुसरा तपकिरी पडलाय. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण परवा त्यांनी खुर्ची आत नेऊन ठेवली.

तो दुसरा बुंधा मुळापासून काढून टाकू का? आणि आता खत द्यायचं का? कृपया सांगा.

नवी कुंडी · १२ मार्च, सकाळी १०:०२

क्लेमॅटिस म्हणजे कृष्णकमळच ना? आमच्या सोसायटीत आहे, ते कसंही कापलं तरी वाढतं.

रानवाट · १२ मार्च, सकाळी ११:३५

नाही, दोन्ही अगदी वेगळ्या. ओळखायची सोपी खूण सांगते. कृष्णकमळाला स्प्रिंगसारखे ताणे असतात. क्लेमॅटिसला ताणा नसतोच, ती पानाच्या देठाने चढते. देठ आधाराला टेकला की त्याच्याभोवती एक वेढा घेतो आणि मग कडक होतो. म्हणून तिला जाड बांबू देऊन उपयोग नाही, देठाला तेवढा वेढा घेता येत नाही. सुतळी, बारीक जाळी किंवा पेन्सिलीहून बारीक काडी हवी.

दुसरी खूण फुलाची. आपण जिला क्लेमॅटिसची पाकळी म्हणतो ते खरं तर रंगीत निदल, म्हणजे कळीचं बाहेरचं आवरण. बचनाग आणि कलोंजी याच कुळातल्या. या कुळातल्या बऱ्याच झाडांचा चीक अंगाला लागला तर आग होते, फोडही येतात. छाटताना हातमोजे घालाच.

ओसरीताई, तुमच्या प्रश्नाला जुन्नरीकाकांनी उत्तर द्यावं असं मला वाटतं. वेलीची काडी त्यांच्याइतकी कुणी हाताळलेली नाही.

जुन्नरी · १२ मार्च, रात्री ९:२०

ओसरीताई, बुंधा काढू नका. आधी नखाने साल हलकेच खरवडा. क्लेमॅटिसची जुनी काडी जिवंत असली तरी वाळक्या गवतासारखी दिसते, साल सुटून लोंबत असते. नवख्या माणसाच्या हातून सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर काडी जिवंत आहे. कोरडं, पिवळसर, भुसभुशीत लागलं तर त्याच्या खाली दोन बोटं पुन्हा खरवडा. असं करत जमिनीपर्यंत या. खाली कुठेतरी पेराजवळ तांदळाच्या दाण्याएवढा डोळा, म्हणजे नवी फूट जिथून निघते तो कोंब, फुगलेला सापडेल. सापडला की त्याच्या वर कापा, तोवर नको.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. नारायणगावाकडे आमची द्राक्षबाग होती, म्हणून मी द्राक्षावरूनच सांगेन. द्राक्षाला आपल्याकडे दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर जी काडी तयार होते, तिच्या डोळ्यात उन्हाळ्यातच घड धरलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. ऑक्टोबरात तो डोळा ठेवून वर कापलं की घड बाहेर येतो. तोच डोळा कापून टाकला तर वेल हिरवीगार होईल, पण घड नाही.

तुम्ही तेच केलंत. तुमच्या वेलीची यंदाची फुलं गेल्या वर्षीच्या काडीवरच्या डोळ्यांत तयार होती.

क्लेमॅटिसच्या बाबतीत जगभर तीन गट मानतात, पण मी ते आकड्यांनी लक्षात ठेवत नाही. एवढंच पाहतो की फूल येतं कशावर. काही वेली फक्त जुन्या काडीवर फुलतात. हिमालयातली मोन्टाना त्यातली, आणि तुमच्या सासूबाईंनी मनालीला पाहिली ती बहुतेक तीच. तिला छाटणी जवळजवळ लागत नाही, केलीच तर फुलं संपल्यावर लगेच. काही वेली फक्त नव्या फुटीवर फुलतात. जांभळी 'जॅकमनी' ही त्यातली सगळ्यात नावाजलेली, इंग्लंडमधल्या वोकिंगच्या जॅकमन रोपवाटिकेत १८५८ साली केलेला संकर. तिला फूट-दीड फूट ठेवून कापलं तरी ती आनंदाने फुलते. तुमच्या व्हिडिओतली वेल या जातीची असणार. तिसऱ्या प्रकारच्या वेली मोठ्या फुलांच्या. यांचा पहिला आणि मोठा बहर गेल्या वर्षीच्या काडीवर, आखूड फुटीच्या टोकाला. मग नंतर नव्या फुटीवर थोडी लहान फुलं. गडद पट्ट्याची 'नेली मोझर' १८९७ पासून बागांतून आहे, ती या प्रकारातली. तुमच्या फुलाचं वर्णन तिच्याशी जुळतं, पण चिठ्ठी नसल्याने मी शिक्का मारणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. विलायतेत फेब्रुवारीअखेर कापतात कारण पुढे त्यांचा वसंत असतो. दोन-तीन महिने गार हवा, कोवळं ऊन. आपल्याकडे १५ फेब्रुवारीनंतर पुढे काय असतं? मार्चमध्ये दुपारचं ऊन भाजतं, एप्रिलात पारा ३८-३९ वर. कोवळी फूट थेट तव्यावर पडते. तारीख त्यांची घेतली, ऋतू आपला राहिला.

सध्या खत अजिबात नको. दुपारी अकरानंतर सावली द्या, मुळाशी पाचट घाला, आळं ओलसर ठेवा. पावसाळ्यापर्यंत ती फूट जगवायची, एवढंच काम.

सातवा मजला · १३ मार्च, सकाळी ८:१५

जुन्नरीकाका, अगदी पटलं. माझ्याकडे खराडीला सातव्या मजल्याच्या गच्चीत कुंडीतली जॅकमनी आहे, चार वर्षं झाली. थोडा वेगळा अनुभव सांगतो.

मी फेब्रुवारीची वाट पाहत नाही. दसऱ्याच्या सुमाराला गुलाब छाटतो, तेव्हाच ही पण कापतो. गुडघ्याच्या खाली, दणकट डोळ्यांची पहिली जोडी जिथे दिसते त्याच्या वर. पान समोरासमोर येत असल्याने डोळेही जोडीने असतात, त्यामुळे गुलाबासारखा तिरका काप घ्यायची गरज नाही, सरळ घ्यायचा. नोव्हेंबरभर फूट चढते आणि डिसेंबरच्या शेवटी फुलं. पुण्यातली थंडी हाच तिचा वसंत, आणि तो वाया घालवू नये असं माझं मत.

कुंडीबद्दल. पहिल्या वर्षी काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत होती, एप्रिलमध्ये पिशवीला हात लावला तर चटका बसायचा. मुळं उकडून निघत होती. मग १८ इंची मातीची कुंडी घेतली, ती आणखी एका मोठ्या कुंडीत ठेवली आणि मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या भरल्या. शेंड्यांवर रोज पाणी मारतो. फरक एका उन्हाळ्यात दिसला.

जुन्नरी · १३ मार्च, दुपारी १:४०

दसऱ्याची छाटणी तुमच्या गच्चीत चालते कारण कुंडीतलं पाणी निथळतं. जमिनीतल्या वेलीची मुळं परतीच्या पावसापर्यंत ओलीत उभी असतात. त्या अवस्थेत वरची सगळी पानं काढली तर मुळांना पाणी ओढायला कुणी उरत नाही आणि ती कुजतात. मी जमिनीतली जॅकमनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कापतो. फुलं फेब्रुवारीअखेर ते मार्च.

सातवा मजला · १३ मार्च, दुपारी २:०५

हे लक्षात आलं नव्हतं. तरी सहकारनगरला मुरमाची जमीन असेल तर ऑक्टोबरअखेर करून बघायला हरकत नाही असं वाटतं. काळ्या मातीत मात्र नको.

ओसरी · १३ मार्च, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात खरवडून पाहिलं. वरचे सात-आठ इंच वाळलेले आहेत, पण खाली, अगदी मातीला टेकून, हिरवं लागलं! डोळा अजून दिसला नाही. मी तसंच ठेवलंय.

काका, एक विचारते. वेलीला चिठ्ठीच नाही, मग ती कुठल्या प्रकारची हे मला पक्कं कसं कळणार? पुन्हा अंदाजाने कापायची माझी हिंमत नाही.

आणि सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मनालीची फुलं लहान होती, चार पाकळ्यांची, आणि वास गोड होता.

जुन्नरी · १४ मार्च, सकाळी ७:००

चार पाकळ्या, लहान, पांढरी, सुवासिक आणि मनाली. म्हणजे मोन्टानाच म्हणायला हवी. ती पुण्यात लावायच्या भानगडीत पडू नका. तिला कडक थंडीची झोप लागते, आणि इथे जानेवारीच्या पहाटे पारा ११-१२ वर थांबतो. नुसती पानं काढेल, आणि तीही एप्रिलपर्यंत.

पक्कं कळायचा उपाय सोपा आहे. एक वर्ष छाटायचंच नाही. पावसाळ्यात वाढलेली काडी दिवाळीनंतर थांबते, तिचा रंग हिरव्याचा तपकिरी होतो. ती जिथे संपते तिथे लाल लोकरीचा धागा सैल बांधा. पुढे फूल धाग्याच्या खालच्या काडीवरून फुटलेल्या आखूड फांदीला आलं, तर तुमची वेल जुन्या काडीची. धाग्याच्या वर निघालेल्या लांब, कोवळ्या फुटीच्या टोकालाच आलं, तर नव्या फुटीची. वेल स्वतः सांगते.

रानवाट · १४ मार्च, दुपारी १२:१०

सासूबाईंसाठी मला एक सुचवावंसं वाटतं. पांढरी, लहान, चार पाकळ्यांची, भरभरून फुलणारी क्लेमॅटिस आपल्या सह्याद्रीतच आहे! आपली मोरवेल. काही भागांत रानजाई म्हणतात. सिंहगडाच्या वाटेवर, मुळशीकडे, ताम्हिणीत कुंपणांवर आणि झुडपांवर चढलेली असते. पावसाळा संपता संपता फुलायला लागते. एकेका वेलीवर इतकी फुलं की खालचं झुडूप दिसत नाही. आणि फुलं गेली तरी शोभा संपत नाही, कारण प्रत्येक बीला पिसासारखी रुपेरी शेपटी येते. सकाळच्या तिरक्या उन्हात त्या शेपट्या पेटल्यासारख्या दिसतात. मला तर फुलांपेक्षा त्याच जास्त आवडतात.

बाजारातल्या संकरित वेलींमागे आपण एवढे धावतो, आणि ही आपली, आपल्या हवेतली, कुणी लावत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

माझ्याकडे बावधनला कुंपणावर सहा वर्षांची मोरवेल आहे. छाटणी अगदी सोपी, कारण ती पावसाळ्यातल्या नव्या फुटीवर फुलते. मार्चमध्ये पिसं उडून गेली की मी कमरेएवढी ठेवून कापते. कापली नाही तर तीन वर्षांत खाली नुसत्या उघड्या दोऱ्या आणि फुलं सगळी शेजाऱ्यांच्या गच्चीत. उन्हाळ्यात ती जवळजवळ पडून असते, पाणी आठवड्यातून एकदा. पहिल्या पावसाबरोबर उठते.

कृपया रानातून मुळासकट उपटून आणू नका. मुळं मांसल असतात, दुखावली की वेल बहुतेक मरते, आणि रानातलीही एक कमी होते. रस्त्याकडेच्या वेलीवरचं मूठभर बी पुरतं. शेपटी चिमटीने काढून टाकायची, उथळ कुंडीत रेती आणि पानखत घालून पेरायचं. माझं बी उगवायला दोन महिन्यांवर लागले, धीर सोडू नका. यंदाचं बी माझ्याकडे आहे, ओसरीताई, तुम्हाला देते.

नवी कुंडी · १४ मार्च, दुपारी ३:२०

मलाही मिळेल का? आणि बाल्कनीत चालेल का?

रानवाट · १४ मार्च, संध्याकाळी ६:४५

बी नक्की देते. पण बाल्कनी तिला पुरणार नाही, पहिल्याच पावसाळ्यात वरच्या मजल्यावर पोचेल. सोसायटीचं कुंपण असेल तर तिथे लावा.

ओसरी · ३१ मे, सकाळी ८:५०

उन्हाळा निभावला. कळवायचं होतं म्हणून धागा वर काढते आहे.

भिंतीला हिरवी जाळी बांधून दुपारची सावली केली. मुळाशी उसाचं पाचट चार बोटं जाड घातलं, त्यावर माळ्यावर पडून असलेली मंगलोरी कौलं पालथी मांडली. आधी कडप्प्याचा तुकडा ठेवला होता, पण तो तापतो हे दुसऱ्याच दिवशी कळलं. कौलाखाली हात घातला तर भर दुपारी गार आणि ओलं लागतं.

फूट आता माझ्या खांद्याएवढी आहे. आणि मुख्य बातमी म्हणजे दुसऱ्या बुंध्याशी, वाळलेल्या काडीच्या कडेने, मातीतूनच एक लालसर कोंब वर आलाय! काका, तुमचं ऐकलं नसतं तर तो बुंधा मार्चमध्येच कचऱ्यात गेला असता.

मध्ये पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि मागे जाळी दिसली, लाल कोळी (बारीक कीड) होता. रोज सकाळी पानांच्या मागे जोरात पाणी मारलं, दहा दिवसांत गेला.

जुन्नरी · ३१ मे, दुपारी १२:३०

फार छान. मातीतून कोंब आला याचा अर्थ लावताना रोप खोल गेलं होतं. क्लेमॅटिस कुंडीतल्या पातळीपेक्षा दोन-अडीच इंच खोलच लावायची, म्हणजे एक-दोन पेरं मातीखाली राहतात. वरचं सगळं गेलं तरी तिथून ती पुन्हा उठते. बाकी कुठल्या वेलीला मी असं खोल लावा म्हणणार नाही.

पावसात कौलं काढून ठेवा, गोगलगाई खाली घर करतात.

ओसरी · १९ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१५

मदत हवी आहे. पहिली वेल, खांद्याएवढी होती ती, आता भिंतीच्या वर गेली आहे. तिच्या दोन फांद्यांपैकी एक काल सकाळपर्यंत टवटवीत होती, आज पूर्ण मान टाकून लोंबते आहे. देठ आणि पानांच्या शिरा काळ्या पडल्यात. माती ओली आहे. पाणी कमी पडलेलं नाही. दुसरी फांदी ठीक दिसते. दुसऱ्या बुंध्याची छोटी वेलही ठीक.

सातवा मजला · १९ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४०

संध्याकाळी सावरते का ते बघा. उन्हाने मान टाकली असेल तर रात्रीत उठते.

जुन्नरी · १९ ऑगस्ट, रात्री ८:०५

देठ काळे पडलेत म्हणजे ऊन नाही. ही मर आहे, बुरशीने येणारी. मोठ्या फुलांच्या संकरित वेलींना ती जास्त धरते. पावसाचे थेंब मातीवरून उडून पानावर येतात, तिथून सुरुवात होते.

आजच कापा. सिकेटर (छाटणीची कात्री) आधी स्पिरिटने पुसा. काळ्या भागाच्या खाली उतरत जा, काप घेतल्यावर आत तपकिरी ठिपका दिसला तर आणखी खाली. स्वच्छ हिरवट-पांढरा काप दिसेपर्यंत. जमिनीपर्यंत जावं लागलं तरी जा. प्रत्येक कापानंतर पातं पुसा. कापलेलं सगळं, गळलेली पानंसुद्धा, पिशवीत बांधून बाहेर टाका, खताच्या खड्ड्यात नको. खालच्या फूटभरातली दाट पानं काढून हवा खेळती करा.

ओसरी · २० ऑगस्ट, सकाळी ९:००

काल रात्रीच कापली, छत्री धरून. जिथे दोन फांद्या फुटतात त्याच्या चार बोटं वर स्वच्छ काप लागला. दुसरी फांदी वाचेल असं वाटतंय. हातमोजे एकाच हाताला घातले होते, दुसऱ्या हाताच्या बोटांची रात्रभर आग होत होती. रानवाटताईंनी सांगितलेलं सगळ्यांनी मनावर घ्या.

ओसरी · १६ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

दिवाळी झाली, वेल थांबली. काल लाल लोकर बांधली. सासूबाईंनी त्यांच्या विणकामाच्या पिशवीतून काढून दिली आणि स्वतः बांधली, चौदा ठिकाणी. मला फक्त स्टूल धरायला सांगितलं.

छाटलं काहीच नाही. मेलेली, बारीक, पोकळ काडी तेवढी काढली. मुळाशी दोन घमेली जुनं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड.

मोरवेलीची तीन रोपं आली आहेत, अजून वीतभरच. मागच्या कुंपणाला लावली.

भरतकाम · १७ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

धागा सुरुवातीपासून वाचला. माझ्या वेलीच्या पानांवर पांढरी भुकटी दिसते, मर आहे का?

जुन्नरी · १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३०

नाही, ही भुरी. थंडीत द्राक्षालाही येते. पाण्यात मिसळणारं गंधक संध्याकाळी फवारा, पाकिटावरचं प्रमाण पाळा, आणि पाणी पानांवर न देता मुळाशी द्या.

ओसरी · ६ फेब्रुवारी, सकाळी ७:३५

आज पहिलं फूल उघडलं.

कळी आठ दिवस दिसत होती, आधी हिरवी, मग टोकाशी गुलाबी. आज सात वाजता सहा पाकळ्या सुटल्या होत्या, दोन अजून टोकाशी चिकटलेल्या. आणि ते लाल धाग्याच्या खाली आहे! गेल्या पावसाळ्यातल्या काडीवरच्या डोळ्यातून वीतभर फांदी निघाली, तिच्यावर पानांच्या तीन जोड्या आणि टोकाला हे एकच फूल. धाग्याखाली अशा एकूण सोळा कळ्या मोजल्या. धाग्याच्या वर नुसती फूट आहे, कळी नाही.

म्हणजे जुन्या काडीचीच. काका, तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतंत.

जुन्नरी · ६ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

अभिनंदन. पण हे मी ओळखलं नाही, धाग्याने सांगितलं. आता फुलं संपली की ज्या आखूड फांदीला फूल आलं ती पहिल्या दणकट जोडीपर्यंत मागे घ्या, बाकी काही नको. फुलं असताना खत देऊ नका, लवकर गळतात.

सातवा मजला · ६ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

वा! दुसऱ्या बुंध्याच्या वेलीचं काय? तिचं सगळं मातीतूनच आलेलं ना?

ओसरी · २८ मार्च, सकाळी ८:००

तेच लिहायला आले. दुसऱ्या वेलीला फेब्रुवारीत दोनच फुलं आली, तिच्याकडे जुनी काडी हातभरच होती. पण गेल्या आठवड्यात तिच्या नव्या फुटीच्या टोकाला चार कळ्या धरल्या, काल एक उघडली. निम्म्या आकाराची, पट्टा फिकट. काकांनी म्हटलं होतं तसंच, मोठा बहर जुन्यावर आणि नंतर लहान फुलं नव्यावर.

पहिल्या वेलीला सगळी मिळून एकोणीस फुलं झाली. शेवटचं परवा गळलं. आज आखूड फांद्या मागे घेतल्या, हिरवी जाळी बांधली, कौलं पुन्हा मांडली.

मोरवेल कुंपणाच्या अर्ध्यावर पोचली आहे. रानवाटताई, तिला या वर्षी छाटू की राहू देऊ?

रानवाट · २८ मार्च, सकाळी १०:४०

राहू द्या, अजून लहान आहे. फक्त शेंडे खुडा, म्हणजे खालून तीन-चार फांद्या निघतील. पाऊस पडला की बघा कशी धावते. आणि कुंपणाच्या त्या बाजूला खुर्ची टाकायला जागा आहे ना?

ओसरी · २८ मार्च, सकाळी ११:०५

आहे. काल सासूबाईंनी स्वतःच मोजून घेतली.